१९७१ च्या फियाटचं इंजिन मुंबईत कोणाकडे द्यावं?

ओसरी
नमस्कार मंडळी. बाबांची फियाट आहे, ११०० डिलाइट, १९७१ ची. घरात ती माझ्या आधी आली. बाबा आता एक्याऐंशीचे आहेत, गाडी चालवत नाहीत, पण रोज संध्याकाळी खाली उतरून पिवळ्या फडक्यानं बॉनेट पुसतात. माहीमला आमच्या सोसायटीतल्या मुलांना ती 'आजोबांची गाडी' म्हणूनच माहीत आहे.

गेल्या दिवाळीपासून गाडी धूर मारते. सकाळी स्टार्ट केली की निळसर लोट, मग जरा कमी होतो. सिग्नलला दोन मिनिटं उभी राहून निघाली की पुन्हा मागे धूर. पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते. केम्प्स कॉर्नरच्या चढाला दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, आधी तिसऱ्यात आरामात चढायची.

तिघांना विचारून झालं. भायखळ्याला एक मिस्त्री आहेत, उभी हयात टॅक्सीच्या फियाट केल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली, सायलेन्सरला बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "बोअर-पिस्टन करून टाकू, आठ दिवसांनी घेऊन जा." पंचेचाळीस हजार. दुसरे अंधेरीचे, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारे. भिंतीवर मर्सिडीजचे फोटो, काम नीटनेटकं दिसतं, पण पूर्ण इंजिनाचे दोन लाख ऐंशी हजार आणि सहा महिने. तिसरं साकीनाक्याचं मशीन शॉप. ते गाडी घेतच नाहीत, फक्त ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मूळ ठोकळा), क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) घेतात. तिथले काका म्हणाले, "उघडून आणा, मापं घेतो, मग बोलू." पैशांचा आकडा सांगितलाच नाही.

मला पैसे वाचवायचे नाहीत आणि उधळायचेही नाहीत. बाबांना पुन्हा एकदा शेजारच्या सीटवर बसवून वरळी सी-फेसला न्यायचं आहे. कोणाकडे देऊ?

खडखडाट
साकीनाका. ज्यानं आकडा सांगितला नाही तोच.

टॅक्सीस्टँड
ओसरी, भायखळ्याच्या मिस्त्रींना इतक्या लवकर बाद करू नका. माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं फियाट टॅक्सी चालवली. दिवसा ते, रात्री दुसरा ड्रायव्हर. गाडी एक दिवस उभी राहिली की घरात त्या दिवसाचे पैसे नाहीत. म्हणून मिस्त्री संध्याकाळी हेड उतरवायचे, रात्रभर व्हॉल्व्ह घासायचे आणि सकाळी सातला गाडी स्टँडवर. लहानपणी मी हातात बॅटरी धरून उभा राहायचो. वाल्व्ह पेस्ट लावून लाकडी दांड्याची रबरी चोखणी दोन तळव्यांत फिरवायची, ताक घुसळतात तशी, आणि मध्येच उचलून राखाडी कडी सगळीकडून सारखी उमटली का ते बघायचं. ते हात आता मुंबईत मोजकेच उरलेत. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्यानंतर यातले बरेच जण गावी निघून गेले. जे आहेत त्यांना काम द्या.

भेळपुरी
माझ्या सासऱ्यांची फियाटही अशीच धूर मारायची. आमच्या गल्लीत डासांचा बंदोबस्त तीच करायची, महापालिकेची गाडी यायची गरज पडत नसे. इंजिन केल्यावर शेजारच्या आजींनी तक्रार केली, डास वाढले म्हणून!

अँबीवाला_ठाणे
टॅक्सीस्टँड, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण टॅक्सीचं गणित वेगळं आणि घरच्या गाडीचं वेगळं. टॅक्सीला 'उद्या सकाळी चालली पाहिजे' एवढंच बघायचं असतं. तिथे बोअर संपला तर दुसरा ब्लॉक आणून टाकायचे. ओसरींच्या गाडीला पुढची वीस वर्षं काढायची आहेत आणि तिला ब्लॉक एकच आहे.

मी माझी अँबॅसेडर तीन वर्षांपूर्वी केली. १४८९ सीसीचं इंजिन. मला शहाणपण उशिरा आलं. मिस्त्री 'चाळीस करू' म्हणाले, मी मान हलवली. का चाळीस, वीस का नाही, हे विचारलंच नाही.

तिखटमीठ
वीस, चाळीस म्हणजे काय? जे मेकॅनिक नाहीत त्यांच्यासाठी कोणी सांगेल का?

लेथवाला
मी सांगतो. बावीस वर्षं बोअरिंग मशीनवर काढली आहेत, आधी कुर्ल्यात, आता भिवंडीला.

सिलिंडरच्या आत पिस्टन वर-खाली होऊन भिंत झिजते. झीज सारखी नसते. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनवरची रिंग वळते, तिथे जास्त. खाली जवळपास नाही. म्हणजे गोल भोक हळूहळू वर रुंद आणि खाली अरुंद होतं, शिवाय जरा अंडाकृती होतं. ते पुन्हा सरळ करायला सगळीकडून धातू कापतात आणि तेवढा मोठा पिस्टन घालतात. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर, चाळीस म्हणजे साधारण एक. साठ म्हणजे दीड. त्यापुढे भिंत पातळ होते, मग आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, ठोकावी लागते.

तर ब्लॉकच्या नशिबात तीनच बोअर आहेत असं धरा. जो दुकानदार न मोजता 'बोअर करून टाकू' म्हणतो तो तुमच्या तीनपैकी एक खर्च करतोय. पंचेचाळीस हजारांत हा खर्च धरलेला नसतो. तो पुढच्या माणसाच्या नावावर पडतो.

ओसरी, तुमच्या फियाटचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, इंजिन १०८९ सीसी. क्रँकला तीनच मेन बेअरिंग. साधं, दणकट इंजिन आहे. पण कोणाकडे द्यायचं हे ठरवण्याआधी आजार काय आहे ते बघा. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो, ते बघितलं का कोणी?

ओसरी
नाही बघितलं. भायखळा आणि अंधेरीच्या दोघांनी विषयही काढला नाही. साकीनाक्याच्या काकांनी विचारलं होतं, "कॉम्प्रेशन किती आहे?" मी "माहीत नाही" म्हटल्यावर ते "बरं" म्हणाले.

गेजवाला
दादरला राहतो. माझ्याकडे कॉम्प्रेशन मोजायचा गेज आहे, रविवारी येऊ शकतो. माहीमपर्यंत चालतही येईन. व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

कुर्ल्याची लेक
हा धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये होते, जिथे या फियाट बनायच्या, इंजिन असेंब्लीला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. शिफ्ट सुटली की एलबीएस मार्गावर सायकलींची रांग लागायची. आता तिथे कोहिनूर सिटी आहे. परवा कामासाठी गेले होते, लिफ्टमध्ये उभी राहून विचार करत होते की बाबांचं बेंच साधारण कुठल्या मजल्याखाली आलं असेल.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. मेन बेअरिंगच्या टोप्यांवर खुणा असतात, एक, दोन, तीन. ब्लॉकला लावूनच त्यांचं भोक कापलेलं असतं. त्यामुळे एकीची जागा दुसरीला देता येत नाही आणि उलटी फिरवूनही चालत नाही. जो माणूस टोप्या काढून एका डब्यात टाकतो त्याच्या हातात इंजिन देऊ नये, असं ते म्हणत. ओसरी, ज्यांच्याकडे द्याल त्यांचे डबे बघून या.

ओसरी
ताई, हे लक्षात ठेवतो. तुमच्या बाबांना सांगा, त्यांच्या हातचं इंजिन असेल कदाचित.

कुर्ल्याची लेक
ते २०११ ला गेले. पण १९७१ म्हणजे ते तिथे होतेच. असेलही.

दहिसरकर
माझा अनुभव कडू आहे. नाव घेणार नाही. एका मोठ्या नावाच्या जागी मी माझी १९६८ ची फियाट दिली होती. छान ऑफिस, चहा, पाण्याची बाटली. दर महिन्याला फोटो पाठवायचे, पण ते फोटो बॉडीचे. इंजिन त्यांनी बाहेरच्या बाहेर कोणाला तरी दिलं होतं, हे मला अकरा महिन्यांनी कळलं.

आणि त्या 'कोणाला तरी'नं ब्लॉक धुवायला कॉस्टिकच्या टाकीत घातला. ठीक आहे, ब्लॉक बिडाचा, त्याला कॉस्टिक चालतं. सोबत हेडही घातलं. फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं! कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. हेड बाहेर आलं तेव्हा पाण्याच्या वाटांच्या कडा बिस्किट चहात बुडवल्यासारख्या झाल्या होत्या. मला सांगितलं, "साहेब, जुनं होतं, सडलं होतं." सडलेलं नव्हतं. मी स्वतः ते उतरवलं होतं, स्वच्छ होतं.

दुसरं हेड शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला. चार महिने गेले. तर कोणाकडेही द्या, पण इंजिन प्रत्यक्ष कुठल्या मशीनवर चढणार आहे ते डोळ्यांनी बघा आणि 'हेड कशात धुणार?' हा एक प्रश्न विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला तर हेड काखेत मारून घरी या.

टॅक्सीस्टँड
दहिसरकर, फार वाईट झालं. हे मात्र मान्य, गल्लीतला मिस्त्री हेड घासलेटनं धुतो, ब्रशनं. वेळ लागतो पण हेड राहतं.

कागदपत्र
एक मुद्दा राहतोय. आरसी बुकात इंजिन नंबर असतो आणि तो ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि जुन्या ब्लॉकचा कागद नसेल तर डोकेदुखी. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैपासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. 'व्हीए' अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीचे वीस हजार, दहा वर्षं मुदत. त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. मूळ ब्लॉक मूळ मापात दुरुस्त करणं वेगळं आणि त्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं वेगळं.

पण ओसरी, घाईनं व्हीए घेऊ नका. त्या नोंदणीवर गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. वरळी सी-फेसला बाबांना न्यायचं असेल तर साधी नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहणं बरं.

ओसरी
साधीच आहे, गेल्या वर्षी वाढवली. इंजिन नंबर आरसीशी जुळतो. म्हणजे हा ब्लॉक वाचवायचाच.

पानपट्टी
पुण्याला पाठवा की. तिकडे फियाटवाले अजून आहेत.

खडखडाट
पुण्याला पाठवलं की रोज जाऊन बघता येत नाही. दहिसरकरांनी वर जे लिहिलंय ते पुन्हा वाचा.

गेजवाला
रविवारचा अहवाल. काकूंनी थालीपीठ खायला घातलं, आधी ते नोंदवतो.

इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजलं. एक नंबर ११८, दोन ७२, तीन ६८, चार ११५. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा: १२२, ७४, ७०, १२०. आकडे पीएसआयमध्ये. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक आकडा वहीत लिहून घेत होते.

लेथवाला
वा, गेजवाला, हे फार मोठं काम केलंत.

आता नीट बघा. ऑइल टाकल्यावर आकडा उसळला असता तर रिंगा गेल्या असं म्हटलं असतं, कारण ऑइल रिंगेच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. इथे चारही ठिकाणी दोन ते पाच पीएसआयच वाढले. म्हणजे रिंगा म्हाताऱ्या असतील पण मेलेल्या नाहीत. आणि पडलेले दोन सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत, दोन आणि तीन. दोघं एकदम, सारख्याच मापानं. मला तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सीलचा पत्रा) जळल्याचा वास येतोय. एकाचा दाब दुसऱ्यात जातोय. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की मधोमध वाकतं आणि गॅस्केट तिथेच जातं. कधी पाणी उकळलं होतं का?

चढावर दम नाही याचं कारण हे. आणि धूर? सकाळी स्टार्टला आणि सिग्नलला उभी राहून निघताना, एवढंच तुम्ही लिहिलंय. भर वेगात सतत धूर असता तर बोअर म्हटलं असतं. उभ्या इंजिनात ऑइल व्हॉल्व्हच्या गाईडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) हळूहळू खाली उतरतं आणि सुरू केल्यावर जळतं. गाईड बदलली की हे थांबायला हवं.

हे सगळं अंदाजानं सांगतोय. उघडून मोजल्याशिवाय खरं कळत नाही. पण बघा, पंचेचाळीस हजार आणि दोन लाख ऐंशी हजार, दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले आणि दोघांनी आजार बघितलाच नव्हता.

ओसरी
हो! गेल्या गणपतीत लालबागजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, पंख्याचा पट्टा तुटला आणि पाणी उकळलं. बाबांनी तेव्हाच म्हटलं होतं, "हेडला चटका बसला असेल." मी मनावर घेतलं नाही.

तिखटमीठ
काय सुरेख धागा चाललाय. मला गाडी चालवताही येत नाही, तरी रोज उघडून बघतेय.

पेट्रोलपंप
थोडं अवांतर, पण इंजिन उघडणारच आहात म्हणून. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा त्यानं मऊ होऊन फुगतात. सगळे बदलून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी राहत असेल तर टाकीच्या तळाला गंज. कार्ब्युरेटरचा जेटही (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) थोडा मोठा लागू शकतो, नाहीतर मिश्रण पातळ राहून इंजिन जास्त तापतं. आणि तुमचं हेड आधीच एकदा तापलंय.

अँबीवाला_ठाणे
फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं तेव्हाही सगळे घाबरले होते, व्हॉल्व्हच्या बैठका झिजणार म्हणून. अँबॅसेडरचं हेड बिडाचं, बैठका त्यातच कापलेल्या, त्यामुळे आमची भीती खरी होती. फियाटला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वेगळ्या कड्या बसवलेल्या असतात, तुम्हाला त्या मानानं सुख. कडी सैल नाही ना, एवढं बघून घ्या.

भेळपुरी
इतकं काळजीनं तर आमच्या मुलाचं स्थळही बघितलं नव्हतं.

लेथवाला
ओसरी, आता मूळ प्रश्नाकडे. दुकान कसं ओळखायचं. आत गेल्यावर मी काय बघतो ते सांगतो.

बोअर गेज आणि मायक्रोमीटर कुठे ठेवलेत? पेटीत, तेलाचा हात फिरवलेला असेल तर चांगलं. हातोड्याशेजारी लोळत असेल तर परत फिरा. मग जमिनीवर पडलेल्या ब्लॉकांकडे बघा. प्रत्येकावर खडूनं किंवा तारेनं बांधलेल्या पत्र्यावर गिऱ्हाइकाचं नाव आहे का? नसेल तर उद्या तुमचा क्रँक दुसऱ्याच्या इंजिनात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पिस्टन हातात आल्याशिवाय तो बोअर करतो का? कधीही करू नये. पिस्टनच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, चारही पिस्टन मोजायचे आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनप्रमाणे कापायचा. जो म्हणेल 'ब्लॉक ठेवून जा, पिस्टन नंतर आणा', त्याला नमस्कार करा.

आणि होनिंगनंतर, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडानं घासल्यावर, तो कशानं धुतो ते विचारा. पेट्रोलनं किंवा डिझेलनं धुतलं की दगडाची बारीक पूड भिंतीच्या रेघांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग पांढरं कापड तेलात बुडवून आत फिरवायचं. कापड राखाडी आलं तर पुन्हा धुवायचं. आमचे उस्ताद स्वतःच्या पांढऱ्या रुमालानं तपासायचे. नवीन रिंगा सहा महिन्यांत गेल्या अशी तक्रार येते ना, त्यातल्या कितीतरी या न धुतलेल्या पुडीमुळे असतात.

साकीनाक्याच्या माणसानं 'मापं घेतो मग बोलू' म्हटलं. त्याच्याकडे जाऊन हे सगळं बघा, आणि आधी फक्त हेड उतरवा. ब्लॉक गाडीतच राहू दे.

टॅक्सीस्टँड
उतरवायला भायखळ्याच्या मिस्त्रींनाच बोलवा ना. हात त्यांचा, माप साकीनाक्याचं.

दहिसरकर
+१

ओसरी
(सात आठवड्यांनी)

उशिराबद्दल क्षमस्व. सगळं सांगतो.

टॅक्सीस्टँडचं ऐकलं. भायखळ्याच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. आधी जरा नाराज होते, "सरळ बोअर करू, कशाला डोकं लावता." बाबांनी वही पुढे केली. मिस्त्रींनी आकडे वाचले, दोन आणि तीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हेड उतरवू." पार्किंगमध्येच उतरवलं. गॅस्केट दोन आणि तीनच्या मध्ये बोटाच्या पेराएवढं जळून काळं झालेलं. लेथवाला, तुम्ही भिवंडीत बसून सांगितलंत.

मग मिस्त्रींनी घासलेट आणि फडक्यानं पिस्टनचं डोकं पुसलं. काजळी निघाली आणि खाली आकडा दिसला: ४०. बाबा म्हणाले, "हो, एकोणनव्वद साली केलं होतं." मला माहीतच नव्हतं. म्हणजे पहिले दोन बोअर आधीच गेलेले, हातात फक्त एक उरलेला. आणि मी तो आठ दिवसांत उडवून टाकणार होतो.

मिस्त्रींना घेऊन हेडसकट साकीनाक्याला गेलो. गेज लाकडी पेटीत होता. ब्लॉकांवर पत्र्याच्या चकत्या, तारेनं बांधलेल्या. हेड कशात धुणार विचारलं तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, बाळाला कशात आंघोळ घालता. "अ‍ॅल्युमिनियम आहे. घासलेट, मग साबण."

हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवला. मधोमध दहा थाऊ वाकलं होतं. दोनदा हलका हात मारून सरळ केलं, जेवढं लागतं तेवढंच. आठही गाईड नव्या. मग इंजिन उतरवलं आणि ब्लॉक तिथे नेला. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवा आणि उभा मोजला. काकांनी कार्डावर निळ्या पेनानं बारा जोड्या लिहिल्या आणि एक प्रत मला दिली. सर्वांत जास्त झीज तीन नंबरला, वर, शंभरातले सहा, म्हणजे ०.०६ मिलिमीटर. काका म्हणाले, "बोअर नाही करायचा. होन करून नवीन रिंगा. हा बोअर अजून तीस हजार किलोमीटर आरामात जाईल, साठ तुमच्या मुलासाठी ठेवा." त्यांना बोअर करून जास्त पैसे मिळाले असते. त्यांनी नाही केला.

मिस्त्रींनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." रिंगा त्यांनीच बसवल्या. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये ठेवून, पिस्टन उलटा करून खाली ढकलून सरळ करायचे, मग टोकांमधली फट फीलरनं बघायचे. एक रिंग घट्ट होती, ती कानशीनं दोन-तीन हात मारून बरोबर केली. क्रँक मापात होता, फक्त पॉलिश आणि नवीन बेअरिंग. टोप्या खुणा जुळवून लावल्या. कुर्ल्याच्या ताई, प्रत्येक टोपी लावताना तुमच्या बाबांची आठवण काढली. गॅस्केट आणि रिंगा ऑपेरा हाउसला मिळाल्या, एक वॉटर पंप सीएसटी रोडला. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा बदलला. सगळं धरून एकाहत्तर हजार झाले.

शनिवारी सुरू केली. कॅमसाठी (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पहिली वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवली, काकांनी सांगितलं होतं म्हणून. धूर नाही. बाबांनी मडगार्डवर हात ठेवला आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "तीन नंबरचा टॅपेट जरा ढिला आहे." मिस्त्रींनी तपासला. होता.

कुर्ल्याची लेक
ओसरी, हे बाबांच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचलं.

गेजवाला
पुन्हा एकदा कॉम्प्रेशन घ्यायला येतो. थालीपीठासाठी नाही. बरं, थालीपीठासाठीही.

टॅक्सीस्टँड
मिस्त्रींना माझा सलाम सांगा. त्यांचा नंबर व्यनि करा, वडिलांना बोलायचं आहे. दोघांची ओळख निघेल असं वाटतंय.

पानपट्टी
साकीनाक्याचा पत्ता मलाही व्यनि करा. माझ्याकडे १९७६ ची पद्मिनी आहे, मी पुण्याला पाठवणार होतो.

लेथवाला
पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला काढा, जुनं २० डब्ल्यू ५० चं माप धरा, आजकालच्या पातळ ऑइलच्या नादी लागू नका. हजार किलोमीटरपर्यंत पन्नासच्या वर नेऊ नका आणि एकाच वेगात फार वेळ चालवू नका. हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, टॉर्क पान्यानं पुन्हा बघून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे, गरम असताना हात लावू नका. आणि ते कार्ड आरसी बुकाबरोबर ठेवा.

ओसरी
बाबांनी आधीच आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलंय, एकोणनव्वद सालच्या बिलाच्या मागे. ते बिल त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं. नट उद्या सकाळी बघतो, मग सी-फेस.